अडीच वर्षांच्या मुलाला विज्ञान केंद्रात न्यावं का? (ठाणे-नवी मुंबई)

मुग्धा_घोडबंदर

नमस्कार मंडळी. पालकत्व विभागात शोधलं, पण सापडलेले सगळे धागे पाचवी-सातवीच्या मुलांचे. म्हणून हा नवा काढला. आधी चर्चा झाली असेल तर प्रशासकांनी खुशाल तिकडे हलवावा.

आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे. बागेत संध्याकाळी झोपाळ्याला रांग, वर घोडबंदर रोडची धूळ. मॉलमध्ये नेलं तर काहीतरी विकत घेतल्याशिवाय सुटका नाही. म्हणून गेल्या आठवड्यात जवळच्या एका शाळेच्या आवारातलं छोटं विज्ञान केंद्र गाठलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, धाग्याला जाहिरातीचा वास नको. तीन खोल्या, एक लांबट व्हरांडा, मागच्या मोकळ्या जागेत कप्प्या आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन मोठ्या तबकड्या. भर दुपारी आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तिकिटाच्या मावशींनीच उठून दिवे आणि पंखे लावले.

आम्ही दोघं ज्यावर खूश झालो त्यातलं एकही त्याला आवडलं नाही. काचेच्या गोळ्यात जांभळ्या विजा बोटाकडे धावतात ना, तो प्लाझ्मा ग्लोब त्याने एकदा पाहिला आणि पुढे चालू पडला. डायनोसॉरजवळ गेलं की तो डरकाळी फोडतो, तिथे रडारड. मग भिंतीला लावलेलं हाताने फिरवायचं जनित्र दिसलं आणि स्वारी तिथेच थांबली. हँडल त्याच्या डोक्याच्याही वर. मावशींनी कुठून तरी पाट आणून दिला. हळू फिरवलं की बल्बची तार नुसती लालसर, जोर लावला की पिवळा उजेड. फिरवायचं, थांबायचं, बल्बकडे बघायचं, मग माझ्याकडे. "लागला. गेला. लागला. गेला." आणखी दोन खोल्या आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. नवरा तेवढ्या वेळात सगळ्या पाट्या सत्यनारायणाच्या पोथीसारख्या मोठ्याने वाचून आला.

तर विचारायचं असं: या वयात नेण्यात अर्थ आहे का? काय दाखवावं, काय टाळावं? ठाण्याहून फार लांब न जाता दुसरं काही आहे का?

पाचपाखाडीकर

वाचतोय. आमची कन्या सव्वादोन वर्षांची, तिच्यासाठी हेच शोधत होतो. पाटाची आयडिया लय भारी.

उगाचच

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यातलं त्याला काहीही आठवणार नाही. तिकीट तुमचं, पाय तुमचे दुखले, फोटो फेसबुकवर तुमच्या मित्रांनी बघितले. घरात दिव्याचं बटण आहेच, चालू-बंद करू द्या. नाहीतर तलावपाळीला बोटीत बसवा, भेळ खा, घरी या. विज्ञान सहावीत सुरू होतं.

विजू_मास्तर

उगाचच, तुमचं बटणाचं उदाहरण छान आहे, कारण नेमकं तिथेच सगळं अडतं. शाळेत बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

बटण दाबलं आणि दिवा लागला. मधे काय झालं? भिंतीत काहीतरी. मुलाच्या दृष्टीने ती जादू आणि आपल्याही. जनित्रात तसं नाही. जोर त्याच्या हाताचा, उजेडही त्याच्याच हाताचा. कमी जोर, कमी उजेड. थांबला की अंधार. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काही लपवलेलंच नाही. म्हणून तो प्लाझ्माचा गोळा सोडून गेला आणि इथे रमला. गोळा दिसायला देखणा, पण त्याला फक्त बोट टेकवायचं असतं.

मुग्धाताई, पुढच्या वेळी एक करून बघा. मावशींना विचारून बल्ब सर्किटमधून काढायला लावा आणि हँडल फिरवू द्या. एकदम हलकं फिरेल. मग बल्ब जोडा. तेच हँडल जड होतं. तारेतून वीज वाहायला लागली की तिचं चुंबकीय क्षेत्र फिरणाऱ्या भागाला विरोध करतं, त्यामुळे उजेड मिळवायचा तर मेहनत वाढवावी लागते. बारावीच्या पुस्तकात याला लेंझचा नियम म्हणतात आणि मुलं तो उजवा हात, डावा हात करत पाठ करतात. तुमच्या मुलाला तो दंडात कळेल. नाव पंधरा वर्षांनी कळलं तरी चालेल.

केंद्र निवडताना एवढंच बघा: हाताने फिरवायचं, ढकलायचं, ओतायचं, फुंकायचं असं काही आहे का? नुसती बटणं, पडदे आणि काचेच्या पेट्या असतील तर या वयाला ते केंद्र वाया. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली एक्स्प्लोरेटोरियम उघडलं ते याच विचाराने, की माणसाने उपकरणाशी खेळावं. हे फ्रँक म्हणजे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. भावाभावांत बघा केवढा फरक. आपल्याकडे "हात लावू नये" ही पाटी अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

मुग्धा_घोडबंदर

मास्तर, मनापासून आभार! हवेवर तरंगणाऱ्या चेंडूपाशीही तो असाच थबकला होता. खालून ब्लोअर आणि वर प्लॅस्टिकचा चेंडू. त्याने चेंडू ओढून काढला, परत ठेवला, परत काढला. पाटीवर बर्नूलीचं नाव होतं. नवऱ्याने मला समजावलं, मला काही ते पटलं नाही.

विजू_मास्तर

पटलं नाही हे चांगलंच. पाट्यांवर बऱ्याचदा एवढंच लिहितात की वेगवान हवेचा दाब कमी असतो, म्हणून चेंडू टिकतो. हे अर्धवट आहे. वर उचलून धरतो तो खालून येणारा झोत. प्रश्न असा की चेंडू बाजूला का घसरत नाही? तो जरा कडेला सरकला की झोत त्याच्या गोलाईला चिकटून वळतो आणि बाहेरच्या बाजूला फेकला जातो. चेंडूने हवा बाहेर ढकलली म्हणून हवा चेंडूला आत ढकलते. ब्लोअर थोडा तिरका केलात तरी चेंडू पडत नाही, ते आधी दाखवा, पाटी नंतर.

घरी करायचं तर हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवा आणि टेबल टेनिसचा चेंडू घ्या. ड्रायर मात्र मोठ्यांच्याच हातात.

उगाचच

मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर मीही सायन्सला गेलो असतो. पण माझा मुद्दा तसाच आहे. हेअर ड्रायर घरी आहे, मग केंद्र कशाला?

डॉक्टरीणबाई

बालरोगतज्ज्ञ आहे, पण हा दवाखाना नाही, सर्वसाधारण सांगते.

उगाचच, आठवण राहणार नाही हे तुमचं बरोबर. दोन-अडीच वर्षांतल्या घटना मोठेपणी सहसा कुणालाच आठवत नाहीत. पण मग त्या वयात शिकलेलं चालणं-बोलणंही "आठवत" नाहीच, वापरता मात्र येतं. आणि घर सोडून जायचं कारण साधं आहे. घरी हँडल फिरवायला लागला की पाचव्या मिनिटाला आपण "बस झालं आता" म्हणतो. तिथे म्हणावं लागत नाही.

आता काळजीचं. बऱ्याच केंद्रांच्या दारात खेळण्यांचा स्टॉल असतो. तिथे त्या बारीक, चकचकीत, जोरकस चुंबकाच्या गोळ्या मिळतात. लहान मूल असलेल्या घरात त्या आणूच नका. एकापेक्षा जास्त गोळ्या वेगवेगळ्या वेळी गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून त्या एकमेकींना चिकटतात, मधलं आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. पोटदुखी-उलटीपलीकडे सुरुवातीला काही दिसतही नाही. तसाच चपटा बटण-सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. दिवे लागणारी स्वस्त खेळणी घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते बघा.

दुसरं, स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ड्रायर. हसू नका. डायनोसॉरला न घाबरणारी मुलं त्या आवाजाला घाबरतात आणि मग सगळी सहलच आटोपते. रुमाल न्या.

आणि एक गमतीची गोष्ट. केंद्रात आरसे असतातच. मुलाच्या नाकाला त्याला कळू न देता कुंकवाचं बोट लावा आणि साध्या आरशासमोर उभं करा. फार लहान मूल आरशातल्या बाळाला हात लावायला जातं. साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं आपल्याच नाकाला हात लावायला लागतात, म्हणजे "हा मी" हे उमगलेलं असतं. ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या संशोधिकेने १९७२ साली लालीचा ठिपका लावून हा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्याकडे कुंकू आयतंच आहे. कुणाच्या बाळाने नाही लावला नाकाला हात तर लगेच मला मेसेज करू नका, काही मुलांना आरशात रसच नसतो.

नाना_कोपरी

डॉक्टरीणबाईंचं ते रुमालाचं अगदी खरं. नातवाला घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. जागा मोठी, आवडावी अशीच. पण मोठी म्हणजे फारच मोठी. आमचे नातूसाहेब आत शिरायच्या आधीच बाहेरच्या उद्यानातल्या जुन्या वाफेच्या इंजिनाला चिकटले. आत शाळांच्या सहलींचा गलका, प्रत्येक उपकरणाभोवती दहा डोकी. तीन वर्षांच्या पोराला फक्त पाठी दिसतात. त्यामुळे मुग्धाबाईंचं तीन खोल्यांचं रिकामं केंद्र मला जास्त पटतं.

अवांतर: देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली आणि ३४ किलोमीटर धावून थांबली कुठे, तर आपल्या ठाण्याला. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनांची नावं नातवाला तोंडपाठ आहेत. पण पोराला इंजिन दाखवायला ठाण्याच्या आजोबांनी वरळीला जायचं. असो. हलके घ्या.

पाचपाखाडीकर

नाना, +१००. मी तर म्हणतो तलावपाळीच्या काठावरच एक इंजिन ठेवा. उगाचचही येतील, भेळ खायला.

ऐरोलीची_आई

अगं मुग्धा, तू ऐरोलीला का येत नाहीस? किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे इथे, खाडीला लागून. विज्ञान केंद्र म्हणजे कप्पी आणि आरसेच हवेत असं कुठे आहे? आत खारफुटीची, माशांची, पक्ष्यांची माहिती मांडलेली आहे. माझ्या लेकीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही ही गोष्ट वेगळी. तिला बाहेरचा चिखल आवडला.

चिखलात काय आहे सांगते. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात. चिखलात हवा खेळत नाही म्हणून ती बाहेर येऊन श्वास घेतात. त्या मुळांमध्ये निवट्या. आमच्या कोळीवाड्यातल्या मावशी ज्या टोपलीतून विकतात त्याच. डोळे डोक्यावर चढलेले, पुढच्या परांवर रेटत चिखलातून सरपटणारा मासा! अंग आणि तोंड ओलं आहे तोवर पाण्याबाहेर श्वास घेतो. लेक ओरडली, "आई, मासा चालतो!" आणि बाजूला उभ्या असलेल्या काकांनी तिला अगदी गंभीरपणे सांगितलं, "हो, आम्ही पण बघतोय." शिवाय ते खेकडे, ज्यातल्या नराची एकच नांगी अंगापेक्षा मोठी असते आणि तो ती टाटा केल्यासारखी हलवत बसतो. लेकीने प्रत्येकाला परत टाटा केला. पुष्कळ होते.

फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत असतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीतही गेलं. केंद्राकडून बोटीची फेरी असते. ती भरतीवर अवलंबून असल्यामुळे वेळ रोज वेगळी, आधी नोंदणी करायची आणि एवढं लहान मूल चालेल का तेही तेव्हाच विचारायचं. रोहित पक्षी गुलाबी का, तर शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन. पिल्लं राखाडी असतात. लेकीने तेव्हापासून गाजर खायला सुरुवात केली आहे, गुलाबी व्हायचंय म्हणून. मी काही बोलले नाही.

यायला सोपं. ठाण्याला ९-१० नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकड, ऐरोलीला उतर, पुढे रिक्षा. ऑफिसच्या वेळा टाळ.

वाशीकर_मी

पहिल्या केंद्राबद्दल दोन प्रश्न. बाबागाडी न्यायची की कडेवर? आणि सकाळ बरी की दुपार? आमची एक ते तीन झोप असते, ती चुकली तर संध्याकाळी आमचं काही खरं नाही.

मुग्धा_घोडबंदर

बाबागाडी नको. जुन्या शाळेची इमारत, दाराला उंच पायऱ्या, आत खोल्यांना उंबरे. सध्या सहलींचे दिवस, त्यामुळे सकाळी बस उभ्या असतात. झोप काढून साडेतीन-चारला जा. खाऊ आत चालत नाही, व्हरांड्यात चालतो. जनित्राचं हँडल आधी स्वतः फिरवून बघा, आमच्या इथलं जरा करकरतं.

आणि मास्तर, बल्ब काढून दाखवला! मावशी आधी साशंक होत्या, मग त्यांनीच स्विच शोधून दिला. हलकं हँडल गरागरा फिरवताना तो खदखदून हसला. बल्ब जोडल्यावर थांबला, दोन्ही हात लावले आणि मावशींकडे असं बघितलं की त्यांनीच काहीतरी केलंय. मग "काढ" म्हणाला. मग "लाव". मावशींनी शेवटी स्टूल ओढून तिथेच बैठक मारली.

नवऱ्याला या वेळी पाट्या बंद, असं बजावलं होतं. तो तीन रंगांच्या दिव्यांच्या भिंतीसमोर उभा राहून स्वतःच्याच सावल्या बघत होता. मुलाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, पण माझा एक प्रश्न आहे. लाल दिवा अडवला की ती सावली मोरपंखी का दिसते? सावली काळी नको का?

विजू_मास्तर

एकच दिवा असता तर काळीच पडली असती. तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकाच पांढऱ्या भिंतीवर पडतात. तुमच्या यजमानांनी लाल अडवला त्या जागी हिरवा आणि निळा अजून पोचतातच. त्या दोघांचं मिश्रण ते मोरपंखी. हिरवा अडवा, जांभळट गुलाबी येईल. निळा अडवा, पिवळी सावली. तिन्ही अडले तिथेच काळं. मुलाला हे सांगू नका, त्याला नुसतं नाचू द्या.

उगाचच

बरं बाबांनो, काल मेव्हणीच्या मुलीला घरी हेअर ड्रायर आणि चेंडू दाखवला. तिने चेंडू चावला. माझं मत बदललेलं नाही. पण निवट्या बघायला मी येतो. गर्दीमुळे वरळी नको म्हणालात, तसं रविवारी ऐरोलीही नको ना?

ऐरोलीची_आई

वार महत्त्वाचा नाही, ओहोटी महत्त्वाची. भरतीला आलात तर सगळा चिखल पाण्याखाली, निवट्या कुठून दिसणार? फ्लेमिंगोची बोट हवी तर मात्र पाणी पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या. छोटंसं गटग (गेट-टुगेदर) करू या?

नाना_कोपरी

ओहोटीसाठी मोबाइल कशाला? दिनदर्शिका काढा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या आसपास आणि ओहोटी बाराच्या. कोळी लोक हाच हिशेब धरतात. रोज वेळ पाऊण तासाच्या वर, जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत इतक्या आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तो वर धरा.

झोपाळू मंडळींसाठी साडेचारच्या सुमारास ओहोटी हवी. म्हणजे भरती साडेदहाला, म्हणजे चतुर्दशी. जरा उशीर धरला तरी उजेडात चिखल दिसेल. कुठली चतुर्दशी ते वाशीकरांनी बघावं, त्यांच्या लेकराची झोप सगळ्यात कडक दिसते.

वाशीकर_मी

बघितलं. पुढच्या आठवड्यात आहे, शुक्रवारी. मी हाफ डे टाकतो.

मुग्धा_घोडबंदर

आम्ही येतो. ठाण्याहून येणारे ३ वाजता ९ नंबरवर, इंडिकेटरखाली. जुन्या चपला घाला, कपड्यांचा एक जोड जास्त घ्या. मोठ्यांसाठीपण.

उगाचच

भेळ मी आणतो.